सोडलेले मासे, मारलेले मासे

परसूअण्णा, तू गेल्याचं कार्ड बुधवारी दुपारी आलं. मी वखारीत तंबाखूची बोदं उतरवून घेत होतो. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं नाही, शेजारच्या पेटीवर ठेवलं आणि सायकल वळवली. कोपरा फाडलेला होता, तेव्हाच समजलं. कुणाचं आहे तेही समजलं. हिंडलग्याहून मला दुसरं कोण लिहिणार?

रडू आलं नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. दमल्यासारखं झालं. एका बोदावर बसलो, तर हमाल विचारायला लागले, आप्पा, पाणी आणू का. मी नको म्हणालो. पुढची बोदं उतरून झाली, वजनं झाली, वखार बंद झाली, तरी मी तिथंच होतो.

सोमवारी सकाळी तू गेलास. त्याआधी तीन आठवडे मी तुझ्या सोप्यातून रागानं उठून आलो होतो. मधल्या दोन्ही मंगळवारी मला बेळगावला येता आलं असतं. कोर्टातलं काम होतं, मोटारही सुटते वेळेवर. आलो नाही. आता हे लिहितोय ते कुणाला दाखवायला नाही. तुझ्याशी बोलणं अर्ध्यात तुटलंय, ते असंच ठेवून मला झोप येत नाही.

गुरुवारी हिंडलग्याला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात माणसं बसली होती आणि जो तो तुझ्याबद्दल सांगत होता. कुणी म्हणालं, पलटणीतला गडी, शिस्तीचा. कुणी म्हणालं, कॅम्पातले साहेब लोक याच्याकडून गळाच्या माश्या बांधून घ्यायचे. खरं होतं सगळं. पण त्यातल्या एकानंही तुला एडनला बघितलेलं नव्हतं. तिथला तू आता माझ्या एकट्याच्या डोक्यात राहिलास, आणि त्या डोक्याचाही भरवसा फार दिवसांचा नाही.

आठवतंय का, आपली भेट पाण्याच्या रांगेत झाली. मागच्या लढाईच्या, म्हणजे चौदा सालच्या, आदलं वर्ष असेल. मी रसद खात्यात कारकून म्हणून नवा लागलो होतो, बोटीनं येताना सात दिवस ओकत आलो होतो. एडनला उतरलो आणि बघतो तर नुसता काळा डोंगर, जळून विझलेल्या भट्टीसारखा. झाड नाही, गवताची काडी नाही. तिथं पावसाचं नावही कुणी काढत नव्हतं. पिण्याचं पाणी उंटाच्या गाडीतून यायचं आणि मापानं मिळायचं. माझ्या पुढच्यानं रांग मोडली, तेव्हा मी कुणाशी न बोलता आपल्याशीच पुटपुटलो, "ह्याला काय लाजच न्हाय." तू मागं होतास. खांद्यावर हात ठेवून विचारलंस, कुठला रं तू. मी निपाणी म्हणालो. तू म्हणालास, मी हिंडलग्याचा, म्हंजे आपण गाववालेच की. निपाणी आणि हिंडलगा म्हणजे मोटारीनं अर्धा दिवस. पण त्या काळ्या डोंगराखाली ते अंतर कुठल्या कुठं गेलं. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी अण्णा म्हणायला लागलो. तू मला भरमू म्हणायला लागलास. माझ्या घरातही मला तशी हाक मारणारं आता कुणी नाही.

तू कप्तानसाहेबाचा अर्दली होतास. त्या साहेबाला मासे धरायचं वेड होतं आणि तेही साध्या गळानं नाही. आमिष नाही, शिसं नाही. गळालाच पिसं आणि दोरा बांधून त्याची माशी करायची, आणि ती एवढीशी माशी लवचिक काठीनं, जाड रेशमी दोरीच्या जोरावर लांब समुद्रात फेकायची. साहेब सांगायचा, त्याच्या मुलखात हा खेळ नदीवर चालतो, थंड पाण्यात. एडनच्या खाऱ्या पाण्यात, उन्हात, खडकावर उभं राहून असं कुणी करत नाही. बाकीचे साहेब त्याला हसायचे. तो मात्र रोज पहाट फुटली की तुला घेऊन खडकावर जायचा, कारण आठ वाजले की त्या दगडावर पाय ठरत नसे.

तू शिकलास ते साहेबाला कळायच्या आत. नांगरटीच्या बैलावर आसूड फिरवलेला हात तुझा. एके दिवशी साहेबानं गंमत म्हणून काठी तुझ्या हातात दिली आणि दोरी त्याच्यापेक्षा पुढं गेली. नंतर तू मला समजावून सांगितलं होतंस, की जोर कामाचा नाही, थांबणं कामाचं. दोरी मागं फेकायची आणि ती पाठीमागं पुरती सरळ होईपर्यंत थांबायचं. मग पुढं. घाई करणाऱ्याची दोरी त्याच्याच टोपीवर पडते. मी सुट्टीच्या दिवशी वर सावलीच्या कपारीत बसून बघायचो. पांढरी माशी पाण्यावर पडायची, तू डाव्या हातानं दोरी भराभर ओढून घ्यायचास आणि हिरव्या पाण्यात चांदीच्या पत्र्यासारखं काहीतरी वळायचं. चपटा, लांबट मासा. त्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. तुलाही बांगडा सोडून दुसरं नाव येत नव्हतं. तू सगळ्यांनाच "गडी" म्हणायचास. आज दोन गडी घावले, म्हणायचास.

त्या माश्यांना लागणारा लाल दोरा माझा होता. कचेरीतल्या कागदांचे गठ्ठे बांधायचा रेशमी दोरा. तू मागितलास आणि मी दिला. कोंबड्याची पांढरी पिसं लंगरखान्यातून यायची. पुढं आपलं भांडण निघालं की तू हेच तोंडावर मारायचास, दोरा कुणाचा, म्हणून.

आणि काठी धुवायचं पाणी. खाऱ्या पाण्यानं दोरी गुंडाळायची चक्री गंजते, दोरी कुजते, म्हणून खडकावरून आलास की तू सगळं गोड्या पाण्यानं पुसायचास. ते पाणी कुठलं, तर तुझ्या वाट्याच्या पिण्यातलं. तो कडक उन्हाळा, ओठ फुटलेले, आणि तू लोटा तिरका करून चक्रीवर थेंब थेंब सोडतोयस. मी चिडून म्हणालो होतो, माणसाला प्यायला नाही आणि लोखंडाला आंघोळ. तू म्हणालास, साहेबानं भरवशानं दिलंय. लढाई लागल्यावर साहेबाला दुसऱ्या आघाडीवर हलवलं, तेव्हा त्यानं काठी तुझ्याकडं ठेवली, आल्यावर घेईन म्हणाला. तो आलाच नाही. वर्षभरानं बातमी आली. तू त्या दिवशी जेवला नाहीस आणि काठी मात्र नेहमीसारखी पुसलीस.

आपलं भांडण त्याआधीचं. मी जैनाच्या घरातला, मुंगी वाचवून पाऊल टाकणारा. एडनला लोक माझी थट्टा करायचे, तू कधी केली नाहीस. पण मी तुला सोडलं नाही. मी म्हणायचो, पोटासाठी मारणारा मला समजतो, बेळगावच्या बाजारात बघितलाय. खेळासाठी जिवंत तोंडात गळ घालायचा, हे कसलं? तू ऐकून घ्यायचास. मग तू मासे सोडायला लागलास. धरायचास, गळ काढायचास आणि पाण्यात ठेवून द्यायचास. वर माझ्याकडं बघायचास, शाळेत पाटी दाखवल्यासारखा.

"सोडला की. बघ, गेला."

"तोंड फाटलेलं घेऊन गेला," मी म्हणायचो.

तुला राग यायचा. पण खालच्या आवाजात येणारा राग तो, मला पुरता ओळखीचा झालेला.

एक मोठा मासा तुला आठवत असणार. हातभर लांब. त्यानं दोरी पार संपेपर्यंत ओढली, तू खडकाखडकावरून त्याच्या मागं धावलास. ऊन चढलं तरी तो दमेना. शेवटी आला तेव्हा तू कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांवर धरलास आणि मागंपुढं करत राहिलास, श्वास धरावा म्हणून. मीही खाली आलो होतो. कितीतरी वेळ तू तसाच उभा. मान भाजत होती. हात काढलास की तो कुशीवर कलंडायचा. तू पुन्हा सरळ करायचास. शेवटी तो मेलेलाच तुझ्या हातांवर राहिला. तू वर आलास, ओल्या हातानं तोंड पुसलंस आणि म्हणालास, "भरमू, आता एकबी मारायचा न्हाय." मी वचन मागितलं नव्हतं. तुझं तूच दिलंस. दुसऱ्या दिवशी तू चिमट्यानं सगळ्या गळांचे उलटे काटे दाबून सपाट केलेस, म्हणजे मासा सहज सुटावा. बहुतेक सुटायचेच. तू हसायचास.

मग लढाई एडनच्या वेशीपर्यंत आली आणि आतल्या मुलखातून येणारी भाजी बंद झाली. भात, डाळ, पीठ होतं. हिरवं काही नव्हतं. बाकीचे डब्यातलं, बकऱ्याचं काहीबाही खायचे, मी नुसता डाळभात. दोनतीन महिन्यांत माझ्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. पिंढऱ्या काळ्यानिळ्या पडल्या. लहानपणी गुडघ्याला झालेली जखम, वीस वर्षांपूर्वी भरलेली, ती उकलली. तंबूतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सांगितलं, ताजं फळ नाहीतर ताजी भाजी पोटात गेली पाहिजे. ती कुठून आणायची, ते त्यालाही माहीत नव्हतं. माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटा त्या महिन्यात रिकाम्या झाल्या.

त्या दिवसांतलं मला नीट आठवत नाही. कापडी छपरातून उतरणारा पिवळा उजेड आठवतो. आणि तू आठवतोस, सकाळी कामावर जायच्या आधी येऊन खाटेजवळ उकिडवा बसलेला. माझं तोंड उघडत नव्हतं. तू दोन बोटांनी ओठ बाजूला करून चमच्यानं काहीतरी आत सोडायचास. आंबट. हिरड्यांना आग लागायची, मी मान फिरवायचो, तू हनुवटी धरून परत वळवायचास. आणि तुझ्या बोटांना मासळीचा वास यायचा. अंगात ताकद नव्हती, पण वास कळत होता. रोज तोच वास, रोज ते आंबट पाणी. दहाबारा दिवस असतील. मग हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. मी उठून बसलो.

बसल्यावर पहिलं विचारलं ते हेच. काय पाजलंस मला? तू म्हणालास, लिंबू. मी म्हणालो, आणि? तू म्हणालास, "आणि पाणी." आणि उठून गेलास.

माझा विश्वास बसला नाही. एडनला लिंबू दिसत नव्हतं तेव्हा. माझ्या मनानं घेतलं, की ह्यानं मला माशाचं सार पाजलं, वर काहीतरी आंबट पिळून. मरणाच्या दारात माझं व्रत मोडलं आणि आता तोंडावर खोटं बोलतोय. तुला दोष द्यायचं धाडस झालं नाही, कारण त्याच साराच्या ताकदीवर मी दोष देणार होतो.

हे सगळं मी तीस वर्षं आत ठेवलं. परत आलो, मी निपाणीला वखारीत लागलो, तू थोडी शेती आणि थोडं कॅम्पातलं काम धरलंस. साहेब लोकांच्या काठ्या दुरुस्त करायचास, माश्या बांधून द्यायचास. मी बेळगावला आलो की तुझ्याकडं यायचो. तानावहिनी चहा टाकायच्या. मग आपण मार्कंडेय नदीच्या काठाला जायचो आणि तू साहेबाची काठी काढायचास. दोरी फेकायचास, थांबायचास, फेकायचास. टोकाला नुसतं पीस. गळच नसायचा. म्हशी धुणारे लोक हसायचे. मी एकदा विचारलं, आता हे कशाला? तू म्हणालास, हात इसरलाय का बघतोय. एकदा मला काठी दिलीस आणि मी दोरी माझ्याच धोतराला गुंडाळून घेतली. तू ती सोडवत बसलास आणि हसता हसता तुला ठसका लागला. तसं हसणं मला त्यानंतर कुणाकडून मिळालं नाही. तो ठसका मात्र तुझा राहिला, वर्षावर्षानं वाढत गेला.

आणि मी? मी तुझ्या घरी यायचो, हसायचो, पण माझ्या मनात एक अढी कायम होती. बस्तीत, आमच्या जैन देवळात, देवासमोर उभा राहिलो की वाटायचं, हा देह कशावर जगलाय? माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. पर्युषणात लोक उपासाबद्दल माझं कौतुक करायचे आणि मला तुझ्या बोटांचा वास यायचा. तू माझा जीव वाचवलास आणि मी त्याबद्दल तुला एकदाही चांगला शब्द बोललो नाही. तूही कधी वाट बघतोयस असं दाखवलं नाहीस.

तीन आठवड्यांपूर्वी आलो तेव्हा तू सोप्यात पाठीला वाकळ लावून बसला होतास. बोलताना दम लागत होता. मला कळलं की आता फार वेळ नाही. म्हणून विचारलं. नाहीतर विचारलं नसतं. मी म्हणालो, अण्णा, आता तरी खरं सांग, एडनला मला मासा पाजलास ना? मी रागावत नाही, फक्त सांग.

 तू म्हणालास, "येडा हाईस काय? तुला मासा कशाला पाजीन मी?"

आणि मग सांगितलंस, थांबत थांबत. बंदरात एक अरबी गलबत अडकून पडलं होतं. लढाईमुळं त्याला बाहेर सोडत नव्हते, त्याच्या माणसांना मासेमारीची बंदी होती. त्याच्या नाखव्याकडं लिंबांची टोपली होती, समोरच्या किनाऱ्यावरून आणलेली, त्याच्या स्वतःच्या माणसांसाठी. तो पैसे घेईना. पैशाचं काय करू म्हणाला, इथं विकत काय मिळतंय. ताजी मासळी दे आणि लिंबं ने. तू तंबूत आलास, मला बघितलंस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गळ काढलेस, उलटा काटा असलेले, नवे. मासे धरलेस, खडकावर डोकी आपटून मारलेस, गाठोडं करून गलबतावर नेलेस आणि दोनचार लिंबं घेऊन माझ्या खाटेशी आलास. मी उठून बसेपर्यंत रोज.

मी विचारलं, किती मारलेस. तू म्हणालास, मोजलं न्हाय, मोजलं असतं तर थांबलो असतो. त्यानंतर काठीला गळ लावला नाहीस, हेही सांगितलंस. नदीवर नुसतं पीस फेकण्याचं कारण मला तेव्हा समजलं, तीस वर्षं शेजारी बसून बघितल्यावर.

मी म्हणालो, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस? तू म्हणालास, सांगितलं असतं तर तू लिंबू थुकला असतास.

खरं होतं ते. मी थुंकलं असतं. आणि परसूअण्णा, तिथंच मी तुझा हात धरायला पाहिजे होता. तीस वर्षं ज्या गोष्टीचा संशय घेतला ती तू केलीच नव्हतीस. माझं व्रत तू सांभाळलंस आणि त्यासाठी स्वतःचं वचन मोडलंस. हे समजायला मला शहाणपण नको होतं, नुसता थोडा वेळ पाहिजे होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ते खडकावर आपटलेले मासे आले. एक मासा खाल्ला असता तर एक गेला असता, इथं माझ्या नावानं गठ्ठ्यानं गेले, असं काहीतरी डोक्यात भरलं. मी उठलो आणि म्हणालो, "त्यापेक्षा मी मेलो असतो तर बरं झालं असतं."

तुला लागलं. चेहरा बदलला नाही, पण वाकळेवरचा हात मिटला. तू म्हणालास, "ते तुझ्या हातात न्हवतं, भरमू. माझ्या हातात हुतं."

मी चप्पल घातली. वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्यांना मोटार चुकेल म्हणून सांगितलं. मोटारीला तासभर अवकाश होता. तो तासभर मी कॅम्पाच्या नाक्यावर धुळीत उभा राहिलो. परत यायला दहा मिनिटं लागली असती.

परवा वहिनींनी विचारलं, "भावजी, भांडलासा व्हय तुम्ही दोघं?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, तुमच्याच वाटेकडं बघत होते. दोन्ही मंगळवारी दाढी करून घेतली. मी म्हणाले, येणार न्हाईत ते, तर म्हणाले, रागावलाय, पण येईल. शेवटच्या दिवशी बोलणं बंद होतं, पण मोटारीचा आवाज आला की मान वळवायचे. वहिनी हे सांगताना रडत नव्हत्या. त्याही दमल्या होत्या.  भिंतीवर साहेबाची काठी होती, पुसलेली. नेता का म्हणाल्या. मी नको म्हणालो. मला ती फेकता येत नाही आणि नुसती टांगायला तुमचीच भिंत बरी.

तू वाट बघत होतास त्या दोन मंगळवारी मी काय करत होतो, तेही सांगतो, कारण तेच सांगायचं राहिलंय. तुझ्याकडून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी बस्तीत उपाध्यांकडं गेलो. म्हातारा माणूस, साधा, मला लहानपणापासून ओळखणारा. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही, तुलाही दिला नाही. एकभुक्त राहा म्हणाले, जप सांगितला, आणि शेवटच्या दिवशी देवासमोर उभं राहून दोन गोष्टी बोलायला सांगितल्या. माझ्यापायी जे जीव गेले त्याचा मला खेद आहे, ही एक. आणि त्या हिंसेतून जे माझ्या पदरात पडलं त्याचाही मला खेद आहे, ही दुसरी. मी ते व्रत मन लावून केलं. एकदा जेवायचो, जप करायचो आणि मनात म्हणायचो, आधी हे पुरं करतो, मग अण्णाकडं जातो. स्वच्छ होऊन जातो. असा हिशेब होता माझा. तू तिकडं मोटारीच्या आवाजाला मान वळवत होतास आणि मी इकडं स्वच्छ होत होतो.

काल ते व्रत संपत होतं. हिंडलग्याहून येऊन अंघोळ केली आणि बस्तीत गेलो. उपाध्ये वाटच बघत होते. मी उभा राहिलो, हात जोडले. पहिलं बोललो. ते मनापासून बोललो, अण्णा. त्या पाण्यातल्या प्रत्येक गड्याबद्दल बोललो. तू कमरेइतक्या पाण्यात धरून ठेवलेला तो मोठाही त्यात होता. 

दुसरं मात्र तोंडातून येईना.

माझ्या पदरात काय पडलं, ते डोळ्यांपुढं यायला लागलं. परतीच्या बोटीवर तू आणि मी कठड्याला टेकून उभे होतो ते. बेळगाव स्टेशनवर उतरल्यावरचा ओल्या मातीचा वास. माझं लग्न, थोरलीचा जन्म, ती पहिल्यांदा मला आप्पा म्हणाली ते. मार्कंडेयच्या काठावर धोतर गुंडाळून बसलेला मी आणि हसून हसून ठसका लागलेला तू. ह्यातल्या कशाचा खेद आहे म्हणून सांगू? देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलू?

 उपाध्ये हळूच म्हणाले, बोला. मी सांगितलं, एवढं माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, मग व्रत अपुरं राहील.

"राहू द्या," मी म्हणालो.

बाहेर आलो तर ऊन चढलं होतं, फरशीवर पाय भाजत होते. सावकाश चालत घरी आलो. हे तुला मी समोर बसून सांगायला पाहिजे होतं, तुझे दोन्ही हात धरून. ते झालं नाही आणि आता होणार नाही, हे मी जाणतो. पण झालं ते असं झालं. घरात पानं मांडली होती. एवढे दिवस एकाच वेळी आणि तेही मोजकं जेवत होतो, म्हणून बायकोनं थोडंच वाढलं. मी तिला म्हणालो, वाढ. मग मी पोटभर जेवलो, अण्णा.